भट्टी विझल्यावर

जर्मनीच्या पश्चिम भागात, रुहर नदी ऱ्हाईनला मिळते तिथे डुइसबुर्ग शहर वसलेलं आहे. शहराच्या उत्तरेकडे, मायडरिख या वस्तीला लागून, आउगुस्ट थिसेन या उद्योगपतीने १९०१ साली लोखंडाचा कारखाना काढला. पहिली झोतभट्टी १९०३मध्ये पेटली आणि शेवटची ४ एप्रिल १९८५ रोजी विझली. मधल्या ८२ वर्षांत इथून ३ कोटी ७० लाख टन कच्चं लोखंड बाहेर पडलं. आयफेल टॉवरला सुमारे ७,३०० टन लोखंड लागलं होतं, म्हणजे तसे पाच हजार मनोरे उभे राहतील एवढा माल या एका आवारातून गेला. आज त्याच आवारात ‘लांडशाफ्ट्सपार्क डुइसबुर्ग-नोर्ड’ नावाचं सुमारे १८० हेक्टरांचं सार्वजनिक उद्यान आहे. तिकीट नाही, फाटक रात्रंदिवस उघडं, आणि वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसांची ये-जा.

डुइसबुर्गच्या मुख्य रेल्वे स्थानकाहून ९०३ नंबरची ट्राम उद्यानाच्याच नावाच्या थांब्यावर सोडते. तिथून चालत निघालं की झाडांच्या शेंड्यांवरून आधी धुराडी दिसतात, मग भट्ट्यांचे गंजलेले लालसर सांगाडे, त्यांना वेढणारे अजस्र नळ, जिने, पूल. पहिल्यांदा येणारा माणूस इथे बुचकळ्यात पडतो, कारण कारखाना हटवलेलाच नाही. हिरवळ आहे, मुलं सायकली फिरवत आहेत, कुणी कुत्र्याला घेऊन आलं आहे, आणि हे सगळं एका बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्याच्या आत चाललं आहे. जमिनीवर माणसाने जे केलं ते पुसून न टाकता तिथे उद्यान करता येतं, आणि ते ‘न पुसणं’ हेच फार कष्टाचं, फार जाणकारीचं काम असतं, हे डुइसबुर्गइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसत नाही. म्हणून या प्रकरणात हे एकच उद्यान घेतलं आहे.

आधी कारखाना समजून घेऊ. तो कळला की उद्यान आपोआप कळत जातं.

लोहखनिजात लोखंड ऑक्सिजनशी बांधलेलं असतं. ते सोडवायला कार्बन लागतो, आणि तो कोकमधून मिळतो. कोक म्हणजे हवाबंद भट्टीत भाजून आतले वायू आणि डांबर काढून टाकलेला दगडी कोळसा. झोतभट्टीच्या तोंडातून खनिज, कोक आणि चुनखडी यांचे थर टाकत राहायचे आणि खालून तापलेल्या हवेचा झोत मारायचा. कोक जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो वर चढताना खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, मोकळं झालेलं लोखंड वितळून तळाशी साचतं. खनिजातली माती-वाळू चुन्याशी मिळून मळी बनते. ती लोखंडापेक्षा हलकी, म्हणून त्याच्यावर तरंगते. काही तासांनी भट्टीच्या बुडाशी भोक पाडलं की १,४०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेला लालभडक रस वाळूत कोरलेल्या पाटांमधून वाहू लागतो. भट्टी अशी वर्षानुवर्षं अखंड चालते. ती मधेच थंड झाली तर आतला ऐवज गोठतो आणि भट्टीच कामातून जाते. म्हणून कामगारांच्या पाळ्या दिवाळी-दसरा, तिथल्या भाषेत नाताळ-ईस्टर, काही पाहत नसत.

या एका प्रक्रियेसाठी किती इमारती लागतात ते इथे डोळ्यांनी पाहता येतं. खनिज आणि कोक साठवायला काँक्रीटच्या जाड भिंतींचे उघडे हौद, म्हणजे बंकर. हवा तापवायला भट्टीशेजारी उभे असलेले, घुमटाकार माथ्याचे उंच गोल मनोरे; एडवर्ड काउपर या इंग्रज अभियंत्याने १८५७मध्ये त्यांची युक्ती शोधली म्हणून त्यांना काउपरच म्हणतात. त्यांच्या पोटात विटांची जाळी असते. भट्टीच्या माथ्यातून निघणारा वायू आत जाळून विटा तापवायच्या, मग आग बंद करून त्याच विटांमधून थंड हवा पाठवायची, ती तापून भट्टीत शिरते. एक मनोरा तापत असताना दुसरा हवेला उष्णता देत असतो. उरलेला वायू साठवायला गोल टाकी. आणि त्या वायूवर इंजिनं चालवून झोताची हवा व वीज निर्माण करायला एक प्रचंड शक्तिगृह: लांबी १७० मीटर, रुंदी ३५, उंची २०.

आता यांचं काय झालं ते पाहा. बंकरांच्या भिंतींवर जर्मन अल्पाइन क्लबच्या डुइसबुर्ग शाखेने गिर्यारोहणाचं क्षेत्र उभं केलं. सपाट प्रदेशातल्या या शहराला कडे नाहीत, ते बंकरांनी दिले. वायूची टाकी पाण्याने भरली. तिचा व्यास ४५ मीटर, खोली १३ मीटर, आणि तिच्यात पाणबुड्यांचं प्रशिक्षण चालतं. तळाशी मुद्दाम बुडवलेली एक नौकाही आहे. शक्तिगृहात मैफली आणि प्रदर्शनं होतात. पहिल्या भट्टीच्या ओतशाळेत उन्हाळ्यात चित्रपट आणि नाटकं. काउपर मनोऱ्यांजवळच्या चौकात चेरीची झाडं ओळीने लावली आहेत. ती वसंतात फुलतात तेव्हा पांढऱ्या फुलांमागे तो काळा-तांबडा लोखंडाचा पसारा पाहायला खास माणसं येतात. कारखान्याच्या जुन्या कचेरीच्या इमारतीत युवक वसतिगृह आहे, त्यामुळे इथे मुक्कामही करता येतो.

हे उपयोग वरवर पाहता करमणुकीचे वाटतील. मला त्यातली बांधेसूद विचारसरणी महत्त्वाची वाटते. प्रत्येक वास्तूला तिच्या अंगभूत गुणाला शोभेल असंच काम दिलं आहे. जाड उभी भिंत चढण्यासाठी, खोल टाकी डुबकीसाठी, खांब नसलेलं लांबरुंद दालन गर्दीसाठी. कोणत्याच वास्तूला सोंग घ्यावं लागलेलं नाही.

कारखाना बंद का पडला याचं उत्तर मायडरिखच्या बाहेर आहे. १९७०च्या दशकात पोलादाची मागणी घटली, युरोपात भट्ट्या जास्त आणि गिऱ्हाईक कमी अशी अवस्था आली. युरोपीय समुदायाने प्रत्येक कंपनीला उत्पादनाची मर्यादा घालून दिली, तेव्हा थिसेन कंपनीने आपल्या मोठ्या भट्ट्या ठेवून मायडरिखच्या बंद केल्या. पाचवी भट्टी तर १९७३मध्येच कामाला लागली होती, तिला जेमतेम बारा वर्षं मिळाली. कारखान्याभोवतीच्या वस्त्यांमधली पिढ्यान्‌पिढ्यांची रोजीरोटी गेली. मागे उरली विषारी जमीन आणि गंजू लागलेले सांगाडे.

बरेच जण म्हणाले, पाडून टाका. ते म्हणणं सोपं होतं, करणं फार खर्चाचं. पण वाचवण्याचा आग्रह हिशेबातून आला नाही, तो आसपासच्या रहिवाशांकडून आला. ज्यांच्या वडिलांनी-आजोबांनी इथे काम केलं, त्यांना ही जागा सपाट झालेली नको होती. नागरिकांनी लावून धरलं, राज्य सरकारच्या भूनिधीने जमीन घेतली, आणि नेमक्या त्याच सुमारास एमशर नदीच्या खोऱ्याचा कायापालट करण्यासाठी १९८९ ते १९९९ अशी दहा वर्षांची एक मोठी मोहीम सुरू झाली. ‘आंतरराष्ट्रीय बांधकाम प्रदर्शन एमशर पार्क’ असं तिचं नाव आणि कार्ल गान्झर हे तिचे संचालक. प्रदर्शन हे नुसतं नावाला. खरं तर ते सतरा गावं-शहरांत पसरलेलं शंभरावर प्रकल्पांचं काम होतं. मायडरिखसाठी पाच संघांकडून आराखडे मागवले, आणि त्यांतून पेटर लाट्स या निसर्गरचनाकाराच्या संघाची निवड झाली. १९९४च्या उन्हाळ्यात उद्यान लोकांसाठी खुलं झालं.

लाट्स यांनी एक सलग चित्र काढून ते जमिनीवर उतरवलं नाही. त्यांनी जागेवर आधीपासून असलेले थर ओळखले. पाण्याचा थर सगळ्यात खाली, कालव्यांचा. मधे वस्त्यांना जोडणारे रस्ते. सगळ्यात वर रेल्वेचे भराव आणि उंच पूल, ज्यांवरून खनिजाच्या वाघिणी भट्ट्यांपर्यंत जात. हे थर आपापल्या परीने नीट केले आणि जिथे ते एकमेकांना भेटतात तिथे जिना, उतार किंवा बाग ठेवली. एका ठिकाणी रेल्वेचे अनेक फाटे पंख्यासारखे फाकत गेले आहेत, एक वर एक खाली. त्याला तिथे ‘रुळांची वीणा’ म्हणतात. ती रचना अभियंत्यांनी निव्वळ वाहतुकीच्या गरजेपोटी केली होती. लाट्स यांनी तिच्यावर चालण्याच्या वाटा काढल्या आणि बाकी काही केलं नाही. जुन्या फलाटांवरून चालताना एका बाजूला भट्ट्या दिसतात, दुसऱ्या बाजूला लोकांच्या परसबागा.

भट्ट्यांच्या मधोमध लोखंडी तक्त्यांचा एक चौक आहे. कच्चं लोखंड ओतायच्या खड्ड्यांना अस्तर म्हणून वापरलेले ४९ तक्ते, सात गुणिले सात असे मांडलेले. एकेकाचं वजन सात-आठ टन. वितळलेल्या लोखंडाने त्यांच्यावर कोरलेल्या रेषा अजून दिसतात. आता त्यांच्यावर पाऊस पडतो आणि ते हळूहळू झिजतात. उद्यानात ठेवायला कोणतंही शिल्प आणता आलं असतं. लाट्स यांनी कारखान्याच्या हातचाच जिन्नस मधोमध ठेवला, यात कामगारांविषयीचा जो आदर आहे तो मला कोणत्याही स्मारकाहून मोठा वाटतो.

आता मातीकडे वळू, कारण माहितीच्या दृष्टीने खरा ऐवज तिथे आहे.

कोक बनवताना निघणाऱ्या डांबरात अनेक कड्यांचे सुगंधी हायड्रोकार्बन असतात. त्यांतले काही कर्करोगकारक आहेत आणि मातीत दशकानुदशकं टिकतात. शिवाय खनिजातले जड धातू. अशी माती एका जागेहून उचलून दुसरीकडे टाकली तर विष नाहीसं होत नाही, फक्त पत्ता बदलतो. म्हणून इथे जागा पाहून निर्णय घेतले. खनिजाची पूड भाजून खडे करायचा विभाग इतका दूषित होता की तो पाडावा लागला. त्याचा राडारोडा जुन्या बंकरांत भरून वरून बंदिस्त केला आणि त्यावर बाग केली. जिथे धोका कमी होता तिथे वर झाडोरा वाढू दिला आणि माणसांच्या वाटा बाजूने नेल्या. कोक भट्ट्यांच्या जागेवर बर्चची झाडं उभी आहेत. हा बर्च म्हणजे आपल्या हिमालयातल्या भूर्जाचाच भाऊबंद. त्याच्या मुळांशी आणि मातीतल्या जिवाणूंशी ते डांबर झुंजत राहतं, आणि ही झुंज किती वर्षं चालेल याची घाई कुणाला नाही. लहान लहान बंकरांत मात्र स्वच्छ माती भरून बंदिस्त बागा केल्या. वर आकाश, चारी बाजूंना काँक्रीट, आत नेचे आणि हायड्रेंजिया. भिंतींना दारं कापली आहेत, तिथे भिंतीची जाडी पाहिली की किती वजन पेलायला ती बांधली होती ते समजतं.

पण कुणीही न लावलेली झाडं या लावलेल्या बागांहून जास्त सांगतात. उद्यानात वनस्पतींच्या ७००हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी परदेशी. खनिज दूरदूरच्या देशांतून जहाजाने येई, त्याच्या ढिगाबरोबर बिया येत, आणि रुळांच्या कडेने त्या रुजत. मूळची दक्षिण आफ्रिकेतली, बारीक पानांची आणि पिवळ्या फुलांची सेनेसिओ इथे आहे. भूमध्य समुद्राकाठची चिकट पानांची, उग्र वासाची डिट्रिकिया आहे. चीनमधून बागांसाठी आणलेली आणि तिथून निसटलेली बडलेया जांभळे तुरे घेऊन पडक्या भिंतींच्या फटींतून डोकावते, आणि तिच्यावर फुलपाखरं भिरभिरतात.

एवढी विविधता इथे का, हे समजून घेण्यासारखं आहे. सुपीक, ओलसर माती मिळाली की थोड्याच जोमदार जाती सगळं व्यापून बसतात. युरोपात खाजकुयलीसारखी चावणारी नेटल आणि उंच गवतं बाकीच्यांना सूर्य दिसू देत नाहीत. इथली जमीन म्हणजे मळी, राख, कोळशाची पूड आणि खाणीतले खडे. नायट्रोजन जवळजवळ नाही, पाणी ठरत नाही, काळा पृष्ठभाग उन्हात रखरखीत तापतो. त्या दांडग्या जातींना हे मानवत नाही. मग चिवट, बुटक्या, एरवी मागे पडणाऱ्या जातींना जागा मिळते. उष्ण देशांतून आलेल्या बियांना तर ही तापलेली जमीन घरच्यासारखी. जो नापीकपणा शेतकऱ्याला संकट वाटेल, तोच इथे असंख्य जातींचा आधार झाला. रुहरच्या पडीक औद्योगिक जमिनींवर नॅटरजॅक जातीचा भेकही तग धरून आहे. त्याला पिल्लांसाठी उथळ, झाडाझुडपांविना, उन्हात लवकर तापणारी डबकी लागतात. पूर्वी नदीच्या पुराने अशी डबकी तयार होत. नद्या बांधल्यावर ती गेली, आणि अवजड गाड्यांच्या चाकोऱ्यांत साठलेलं पावसाचं पाणी भेकाच्या कामी आलं.

इथेच एक पेच आहे. अशी जमीन तशीच सोडली तर वीस-तीस वर्षांत बर्च आणि विलो तिच्यावर रान करतात, पानांचा कुजवा साठतो, माती सुपीक होऊ लागते, आणि उन्हावर जगणाऱ्या त्या पहिल्या जाती जातात. त्यांना राखायचं तर अधूनमधून झाडं तोडावी लागतात, जमीन खरवडून पुन्हा उघडी करावी लागते. म्हणजे ‘निसर्गावर सोडून दिलं’ असं दिसणाऱ्या तुकड्यामागेही माणसाची कुऱ्हाड आणि माणसाचा निर्णय असतो. कुठे रान होऊ द्यायचं आणि कुठे थांबवायचं, हे दरवर्षी ठरवावं लागतं.

पाण्याची कहाणी एमशर नदीची आहे. कोळशाच्या खाणी जमिनीखालचे थर पोखरतात आणि वरची जमीन खचते. खचणाऱ्या जमिनीत गटाराचे नळ फुटतात, म्हणून या खोऱ्यात भुयारी गटारं टाकणंच अशक्य होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उपाय म्हणून नदीलाच गटार केलं. १८९९मध्ये स्थापन झालेल्या एमशर जलसंस्थेने नदी सरळ केली, काँक्रीटच्या पन्हळीत घातली, आणि लाखो लोकांचं सांडपाणी उघड्यावरून ऱ्हाईनकडे जाऊ लागलं. जमीन खचत गेल्याने नदीचं मुख दोनदा उत्तरेला सरकवावं लागलं, आणि मागे राहिलेला जुना प्रवाह मायडरिखच्या कारखान्यातून जात राहिला, दुर्गंधीसकट. उद्यान करताना या जुन्या एमशरचं सांडपाणी साडेतीन मीटर व्यासाच्या भूमिगत नळात घातलं आणि वरच्या पात्राला चिकणमातीचं अस्तर दिलं. आता त्या पात्रात फक्त पावसाचं पाणी येतं: छपरांवरून, फरशांवरून, उघड्या नळांतून, जुन्या थंड पाण्याच्या हौदांतून. वाहतं पाणी नाही, म्हणून ते सडू नये याची सोय करावी लागली. पाडलेल्या विभागाच्या शिल्लक मनोऱ्यावर पवनचक्की बसवली आहे. ती पाणी उचलते आणि उंचावरून पात्रात सोडते, पडताना त्यात हवा मिसळते. पवनचक्कीची पाती मोठी आणि सहज दिसणारी आहेत, आणि मुलांना पाण्याचा हा प्रवास बोटाने दाखवता येतो.

खाणी बंद पडल्यावर जमीन खचायची थांबली. मग १९९२पासून संपूर्ण एमशर नदीचं काम हाती घेतलं गेलं. डॉर्टमुंडपासून ऱ्हाईनजवळच्या डिन्सलाकेनपर्यंत ५१ किलोमीटर लांबीचा भूमिगत बोगदा खणला, आणि २०२१च्या अखेरीस नदीत सांडपाणी जाणं पूर्ण थांबलं. तीस वर्षं आणि पाच अब्ज युरोंहून अधिक खर्च. काही सरकारं आली-गेली, काम चालू राहिलं.

हे वाचताना मराठी माणसाला गिरणगाव आठवल्यावाचून राहणार नाही. मायडरिखच्या भट्ट्या विझल्या त्याच दशकात, १८ जानेवारी १९८२च्या संपानंतर, मुंबईच्या कापड गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद झाले. सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होणार होती. १९९१च्या नियमाने त्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक स्वस्त घरांसाठी, एक मालकाला. २००१मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जागेची उरली. शहराच्या हाती तुकडे आले, बाकी जागी मनोरे आणि मॉल उभे राहिले. डुइसबुर्गला जमिनीला भाव नव्हता आणि मुंबईत तो आभाळाला भिडला होता, हा फरक खरा आहे आणि निर्णायकही आहे. पण त्याच मुंबईत, धारावीच्या कडेला मिठी नदीकाठी, कचऱ्याच्या डोंगरावर ३७ एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं राहिलं आणि तेही १९९४मध्येच खुलं झालं. आज तिथे दाट झाडी आहे. ज्या वाचकाला डुइसबुर्ग दूर वाटेल त्याने शीवला उतरून तिथे जरूर जावं.

डुइसबुर्गला गेलात तर दिवसा पोचा आणि अंधार पडेपर्यंत थांबा. आठवड्याच्या शेवटी रात्री भट्ट्या हिरव्या, निळ्या, तांबड्या दिव्यांनी उजळतात. जोनाथन पार्क या ब्रिटिश कलाकाराची ही प्रकाशरचना १९९६पासून आहे. पायात चांगले बूट हवेत, कारण पायऱ्या लोखंडी जाळीच्या आहेत आणि खालची पोकळी सतत दिसते. पाचव्या भट्टीवर सुमारे ७० मीटर उंचीपर्यंत चढता येतं. हा जिना चढण्याजोगा राखणं हेच या उद्यानाचं न संपणारं काम आहे. हे लोखंड रोजच्या देखरेखीखाली काही दशकं टिकावं असं घडवलेलं होतं. त्याला आता पावसात अनिश्चित काळ उभं राहायचं आहे. जोड तपासावे लागतात, सडलेले भाग बदलावे किंवा बंद करावे लागतात, आणि कोणत्या नळाला वाचवायचं व कोणता गंजून जाऊ द्यायचा हे अभियंत्यांना पैशाकडे पाहून ठरवावं लागतं.

भट्टीच्या माथ्यावरून पश्चिमेला ऱ्हाईनच्या दिशेने पाहिलं की धूर दिसतो. डुइसबुर्गमध्ये पोलाद अजून बनतं. तिथला कारखाना युरोपातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. त्या भट्ट्याही कोकवरच चालतात. कोकऐवजी हायड्रोजनने खनिजातला ऑक्सिजन काढायच्या योजना आखल्या जात आहेत. त्या प्रत्यक्षात आल्या तर झोतभट्टीची गरजच संपेल, आणि खनिज, कोक व चुनखडीचे थर वरून टाकून खालून लोखंड कसं काढत, हे समजून घ्यायला डुइसबुर्गच्या मुलांना मायडरिखचा हा जिना चढावा लागेल.